तीस घरांचं पाणी

केवळाबाईंनी स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "घ्या, खाऊन बघा."

प्रयोगशाळेत काहीही खायचं नाही, हा नियम मीच लाल शाईनं लिहून दारावर चिकटवला होता. मी तसं त्यांना सांगितलं.

"मग दाबून बघा. बोटानं."

डब्यात तुरीचं वरण होतं. म्हणजे वर पिवळं पाणी आणि तळाशी डाळ. मी एक दाणा चिमटीत धरून दाबला. तो दुभंगला, पण मऊ झाला नाही. मधला भाग खडूच्या तुकड्यासारखा तसाच राहिला.

"किती वेळ शिजवलीय?"

"दीड तास. त्याच्या आधी भिजत घातली होती, ते वायलंच."

"मग मला कशाला दाखवताय, मावशी?"

"कामून म्हंजे? तुमच्याच कागदानं चोर केलं ना मला!"

त्या ओरडल्या नाहीत. एवढं बोलून त्यांनी पदरानं मान पुसली. एप्रिलचा शेवट होता आणि आमचं जलशुद्धीकरण केंद्र गावाबाहेरच्या टेकडीवर. एवढ्या उन्हात त्या डबा घेऊन चालत आल्या होत्या.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. निंबाळी हे तालुक्याचं गाव, वस्ती वीस हजारांच्या आत. नगरपरिषदेच्या केंद्रावर एका खोलीची प्रयोगशाळा होती आणि तिथली एकमेव रसायनतज्ज्ञ मी, हर्षदा लोखंडे, साताऱ्याकडची, नुकतीच एमएस्सी झालेली. अकरा महिन्यांचं कंत्राट होतं, त्यातले दोन सरले होते. ब्युरेटची काचनळी कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, शेवटचा आकडा कुठपर्यंत वाचायचा हे मला फार छान येत होतं. एवढं आलं की पाणी कळलं, अशी माझी समजूत होती.

केवळाबाई सोनटक्के गावाच्या पूर्वेकडच्या शाळेत पोरांसाठी दुपारचं जेवण शिजवायच्या. बारा वर्षं शिजवत होत्या. मार्चपासून त्यांची डाळ शिजेना. पोरं ताटात डाळ बाजूला सारायला लागली, दोघा-तिघांची पोटं दुखली. केवळाबाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, पाणी बदललंय. मुख्याध्यापक डोईफोडे सरांनी नगरपरिषदेला पत्र लिहिलं. नगरपरिषदेनं मला सांगितलं, पूर्व भागाचं पाणी तपासा.

मी तपासलं. शाळा धरून तीस ठिकाणच्या नळांचे नमुने, प्रत्येकाचा कठीणपणा तीनदा मोजला. कठीणपणा म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना वगैरे. लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत असला तर उत्तम, दुसरा इलाजच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्यायचा. माझी सरासरी आली एकशे बेचाळीस. मी अहवालात लिहिलं: पाण्याची गुणवत्ता समाधानकारक, अन्न शिजण्यास अडथळा येण्याचं कारण नाही.

शेवटचं अर्धं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. मीच हौसेनं जोडलं होतं.

"त्याच वाक्याखाली रेघ मारलीय उत्तमरावांनी," केवळाबाई म्हणाल्या. उत्तमराव केंद्रे म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. "म्हणत्यात, पाणी चांगलं तर डाळ वाईट. अन् सरकारी डाळ तर चांगलीच येती. मग चांगली डाळ केवळा घरी नेती आणि पोरांना जुनी, किडकी शिजवून घालती. उद्या शनिवारची शाळा सुटली की बैठक हाय. विषय एकच, मला काढायचा."

"पण मावशी, मी स्वतः मोजलंय. एकदा नाही, तीनदा."

"कोणचं पाणी मोजलंत?"

"तुमच्या भागातलं. नळाचं."

"दावा बरं."

नमुने मी ठेवलेले होते. फडताळात तीस बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर क्रमांक, घराचं नाव, तारीख. मला त्या ओळीचा अभिमान होता. केवळाबाईंनी पहिली बाटली उचलली, उजेडात धरली आणि थेट हात धुवायच्या बेसिनकडे गेल्या. तिथं कपडे धुवायच्या साबणाची वडी होती. त्यांनी तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि वडी चोळली.

फेस आला. पांढरा, दाट.

"अहो, तो नमुना आहे!"

"थांबा की." त्यांनी दुसरी बाटली घेतली. फेस. तिसरी. फेस. आमच्या केंद्रावर थेट धरणाचं पाणी यायचं आणि मी राहायचे केंद्राच्या आवारातल्याच खोलीत, त्यामुळे साबणाला फेस येतो यात मला नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. केवळाबाईंना मात्र हसू यायला लागलं होतं.

"आमच्या नळाच्या पाण्याला असा फेस आला असता ना, तर म्या रोजची धुणी घेऊन दारात नाचले असते. आमच्याकडं साबण लावला की दही फुटल्यावाणी पांढऱ्या गुठळ्या होतात. हे जारचं पाणी हाय, माय."

"जारचं?"

"ते निळं जार येत्यात ना घरोघर, इकतचं पाणी. पिण्यापुरतं, अन् डाळ-भातापुरतं."

"शक्य नाही. मी प्रत्येक घरी चिठ्ठी दिली होती. नळ दोन मिनिटं सोडा, बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा."

"विसळली की तीनदा. जारच्याच पाण्यानं विसळली असंल."

पूर्वेला पाणी चार दिवसांआड पहाटे सुटायचं, ते पण गल्लीगल्लीला वेगळ्या वेळी. एकाच पहाटे तीस ठिकाणी पोचणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी आदल्या दुपारी घरोघर बाटल्या वाटल्या आणि दुसऱ्या दुपारी त्या भरलेल्या गोळा केल्या. प्रयोगशाळेच्या बाटल्या कमी पडल्या म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नव्या बाटल्या आणल्या होत्या. भरताना मी एकाही घरी नव्हते.

"पण लोक असं का करतील? तपासणी त्यांच्याच पाण्याची होती ना!"

केवळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. लहान पोर काहीतरी अगदीच उघड विचारतं तेव्हा बघावं तसं.

"तू उन्हाची दारात आलीस," त्या म्हणाल्या. अहोजाहो गेलं होतं. "परगावची लेक. 'पाणी घे' म्हटलं तर नको म्हणालीस, माझ्याकडं माझी बाटली हाय म्हणालीस. एका घरात घोटभर घेतलं नाहीस. अन् जाताना रिकामी बाटली पुढं केलीस, पाणी द्या म्हणून. आता तीत ते खारट, जड पाणी भरून द्यायचं? कुणाचा हात धजंल?"

घरोघर पाणी प्यायचं नाही, हे मी सोयीसाठी ठरवलं होतं. तीस घरी थांबले असते तर संध्याकाळ झाली असती.

त्या एकेक बाटली वळवून नावं वाचत होत्या. वाचता यायचं त्यांना, बोट ठेवून. एका बाटलीपाशी बोट थांबलं.

"चौदा नंबर," त्या म्हणाल्या. "ही मही."

बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: क्र. १४, सोनटक्के.

"जार मला परवडत नाही. मारुतीच्या मागच्या विहिरीचं हाय हे. लई गोड पाणी. लांब हाय थोडी, पण म्हटलं, पोरगी तपासायला नेती, तर चांगलं जाऊ दे." एवढं म्हणून त्या खुर्चीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसू संपलं तरी पदर तसाच राहिला. "म्हंजे म्याबी तेच केलं की गं. मह्याच हातानं."

चौदा नंबरचा आकडा मला पाठ होता. एकशे अडतीस.

मी उरलेल्या बाटल्या बेसिनवर नेल्या आणि स्वतः साबण चोळायला लागले. सव्विसाव्या बाटलीला फेस आला नाही. हातावर चिकट पांढरा साका आला आणि तो धुता धुवेना. एकोणतिसाव्या बाटलीचंही तसंच.

"ही कुणाची?" केवळाबाईंनी नावं वाचली. "हां. हे दोघं नगरपरिषदेवर दात खाऊन असत्यात. त्यांनी मुद्दाम नळाचंच दिलं असंल. घ्या म्हणावं, बघा काय पाजता ते."

या दोन बाटल्यांचं मला आधीच माहीत होतं. त्यांचा कठीणपणा साडेआठशेच्या आसपास आला होता. बाकीचे अठ्ठावीस आकडे इतके छान जवळजवळ होते, की मी या दोघांना वहीत कंसात टाकलं आणि शेजारी लिहिलं, 'बाटली अस्वच्छ असावी'. सरासरीत धरलं नाही. चिडलेल्या दोन माणसांनी मला खरं पाणी दिलं होतं आणि मी ते फेकून दिलं होतं.

"मावशी, शाळेची टाकी दाखवाल?"

आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटली होती, पण डोईफोडे सर अजून कार्यालयातच होते. नऊ नंबरच्या बाटलीवर 'शाळा' लिहिलेलं होतं. ती कार्यालयातल्याच जारमधून भरून दिल्याचं त्यांनी लगेच कबूल केलं. "शाळेची बाटली होती हो, मॅडम. शाळेच्या नावानं जाणार, म्हणून चांगलं दिलं," असं म्हणताना बिचाऱ्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. मी टाकीच्या नळाखाली स्वतः बाटली धरली. केवळाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला दोन मिनिटं मोजायला लावली.

टेकडीवर परतल्यावर मी पन्नास मिली पाणी शंकूपात्रात घेतलं, अमोनियाच्या वासाचं द्रावण घातलं, चिमूटभर सूचक टाकलं. पाणी लाल झालं. आता वरून ब्युरेटमधलं द्रावण सोडत जायचं. लाल जाऊन निळं झालं की थांबायचं. आधीच्या बाटल्या सात मिलीला निळ्या झाल्या होत्या. मी सात ओलांडले. दहा. वीस. रंग द्राक्षाच्या सरबतासारखा, जराही हलेना. तीस. चाळीस. त्रेचाळीसला जांभळी झाक आली आणि साडेत्रेचाळीसला निळा रंग.

साडेत्रेचाळीस गुणिले वीस. आठशे सत्तर.

मी पाणीपुरवठा अभियंता बिडवे साहेबांकडे गेले. ते खालच्या मजल्यावर बसायचे. पन्नाशीचे, सुपारी खाणारे, कुणावर आवाज न चढवणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारला.

"मार्चपासून पूर्वेच्या टाकीत दोन बोअर जोडलेत," ते म्हणाले. "धरणाचं पाणी पुरत नाही तिकडं. म्हटलं, मिसळलं की चालून जाईल."

"मला सांगितलं नव्हतंत, साहेब."

"तुमचा आकडा दीडशेच्या आत आला, लोखंडे मॅडम. मलाही वाटलं, चाललंय की." त्यांनी सुपारी कातरायचं थांबवलं. "आता अहवाल मागं घ्यायचा म्हणजे वर कळवावं लागतं. शेरा बसतो. 'नमुने घेण्यात हलगर्जी.' तुमचं कंत्राट आहे. असा शेरा बसला की पुन्हा कुणी घेत नाही. सोमवारपर्यंत विचार करा."

"बैठक उद्या आहे."

बिडवे साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग तुम्ही आज माझ्याकडं आलाच नव्हता."

हे मला धमकावणं होतं की वाट मोकळी करून देणं, ते मला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी साडेअकराला शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली होती. समितीचे सात-आठ जण, डोईफोडे सर आणि मधोमध उत्तमराव केंद्रे. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचं त्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांचा नातू याच शाळेत दुसरीत होता आणि पोट दुखलेल्या पोरांत तो एक होता.

मी आकड्यांचा कागद काढला. पहिली दोन वाक्यं बोलले असेन, तोच त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मागच्या महिन्यात एकशे बेचाळीस. आज आठशे सत्तर. उद्या काय सांगाल?"

कुणीतरी हसलं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. माझ्यापाशी आकड्याशिवाय काहीच नव्हतं आणि आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण मीच घालवलं होतं.

"अन् नळ तर आमच्याही घरी हाय," उत्तमराव म्हणाले. "त्याच टाकीवरचा. आमची डाळ कशी शिजती?"

"वहिनीला विचारा की, भाऊ," दाराशी उभ्या असलेल्या केवळाबाई म्हणाल्या.

"काय विचारू?"

"डाळीला पाणी कोणचं घालत्यात ते."

उत्तमरावांनी चिडून फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा.

"अगं, डाळ कोणच्या पाण्यात शिजवतीस तू?"

"जारच्या. का हो?" पलीकडून आवाज आला.

"कवापासून?"

"मार्चपासून. नळाच्या पाण्यात शिजती का ती? तुम्हाला ताटात आयती मिळती, तुम्हाला काय ठाऊक!" मग जरा थांबून, "जेवायला येताय ना?"

सतरंजीवरचे सगळे पुरुष एकदम आपापल्या पायांकडं बघायला लागले. उत्तमरावांनी फोन खिशात टाकला, पण माघार घेतली नाही. "तरी डाळ कोणची, ते कळाया पाहिजे," ते म्हणाले.

"कळू द्या," केवळाबाई म्हणाल्या. "डाळीचं पोतं सरांच्या खोलीत हाय. किल्ली सरांकडं. तुमच्या हातानं काढा."

मी आदल्या दिवशी त्यांना काहीच सुचवलं नव्हतं. त्यांनी दोन सारखी पातेली घासून ठेवली होती. उत्तमरावांनी स्वतः पोतं सोडलं, डाळ मापानं काढली, दोन्हीकडं सारखी. एका पातेल्यात शाळेच्या टाकीचं पाणी, दुसऱ्यात सरांच्या कार्यालयातलं जारचं. तेही एकाच तांब्यानं मोजून. दोन्ही शेगड्यांची आच केवळाबाईंनी खाली वाकून सारखी केली. हळद घातली नाही. "रंगानं डोळे फसत्यात," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुझ्या घड्याळात बघ. अन् लिहून घे."

मी लिहून घेतलं. बारा वाजून चार मिनिटं.

मला विद्यापीठात पाच वर्षं शिकवलं होतं, की एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं. नमुना कुठून आला हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. ज्याला शंका आहे त्यालाच मोजायला लावायचं, एवढं मात्र मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पस्तीस मिनिटांनी जारच्या पातेल्यातली डाळ पळीनं घोटली तशी मऊ झाली. दुसऱ्या पातेल्यात दाणे उड्या मारत होते. पाऊण तास. एक तास. सव्वा तास. कुणी उठून गेलं नाही. एक वाजून वीस मिनिटांनी केवळाबाईंनी दोन्ही पातेल्यांतली डाळ दोन वाट्यांत काढून उत्तमरावांपुढं ठेवली. त्यांनी आधी मऊ डाळ खाल्ली. मग दुसरी. ती ते बराच वेळ चावत राहिले.

मी उभी राहिले. तयार करून आणलेलं काहीच आठवेना.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी बाटल्या वाटल्या आणि भरताना हजर राहिले नाही. दोन बाटल्यांत खरं पाणी होतं, त्या मी माझ्या मनानं वगळल्या. अन्न शिजण्यास अडथळा नाही, हे वाक्य मी कुणी न विचारता लिहिलं. केवळामावशींचा यात काही दोष नाही. मी हे लेखी देते."

दिलंही, तिथंच, डोईफोडे सरांच्या टेबलावर बसून. उत्तमरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि केवळाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडायचे की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"केवळाबाई, चुकलं आमचं," एवढंच ते म्हणाले. नंतर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोमवारपासून आमचा ट्रॅक्टर टेकडीवरनं धरणाच्या पाण्याचा टँकर भरून आणील. शाळेपुरता. नगरपरिषद काय करायचं ते करेपर्यंत."

केवळाबाई मला म्हणाल्या, "आता तुझं कसं?"

"बघू, मावशी. शेरा बसेल."

"म्हंजे काढतील?"

"लगेच नाही. पण पुढं घेणार नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि पातेली घासायला घेतली.

सोमवारी सकाळी बिडवे साहेबांनी मला खाली बोलावलं. माझं पत्र त्यांच्यापुढं होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरा एक कागद. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं.

"हे तुम्ही करायला सांगितलंत?"

"काय, साहेब?"

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. अक्षर डोईफोडे सरांचं होतं. वाक्यं त्यांची नव्हती.

'लोखंडे मॅडम आमच्या घरी पाणी तपासायला उन्हाच्या आल्या होत्या. त्यांनी नळाचं पाणी मागितलं होतं. चिठ्ठीतबी तेच होतं. आम्ही वाचलं होतं. आम्ही त्यांना जारचं, कुणी विहिरीचं दिलं. नळाचं द्यायला बरं वाटलं नाही. त्यांनी आम्हाला फसवलं नाही, आम्ही त्यांना फसवलं, पण वाईट मनानं नाही. चूक लिहायची तर आमची लिहा.'

खाली अठ्ठावीस सह्या होत्या. त्यांतले पाच अंगठे. नवव्या ओळीत खुद्द डोईफोडे सरांची शिक्क्यासह सही, अकराव्यात 'सौ. केंद्रे', चौदाव्यात 'केवळा सोनटक्के', एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं. रविवारच्या एका दिवसात, बाटल्यांच्या क्रमानं, केवळाबाई घरोघर फिरल्या होत्या.

मी कागद पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षरं नीट दिसेनात. बिडवे साहेब तेवढा वेळ सुपारी शोधत राहिले.

"हलगर्जीचा शेरा कुणावर मारू मी?" ते शेवटी म्हणाले. "अठ्ठावीस घरांवर? यातली निम्मी मला रस्त्यात गाठतील." त्यांनी पेन उचललं आणि अहवाल मागं घेण्याच्या कारणापुढं लिहिलं, 'नमुने नळाचे नव्हते. फेरतपासणी सुरू.' पान टाचणीनं मागं लावलं. "आणि बोअरचं मी लिहितो. ते माझ्याकडं राहिलं होतं. फेरतपासणी कशी करणार?"

"पहाटे पाणी सुटेल तेव्हा स्वतः जाऊन. पंधरा दिवस लागतील."

"लागू द्या."

त्या कंत्राटानंतर मला दुसरं मिळालं, मग तिसरं, आणि आज मी ज्या जागेवर काम करते तिथं माझ्या हाताखाली चार जण नमुने घ्यायला जातात. पण ते सगळं पुढचं. त्या सोमवारी मी कार्यालयातून निघाले ती थेट शाळेत गेले. मधली सुट्टी झाली होती. आवारात टँकर उभा होता, व्हरांड्यात पोरांच्या पंगती बसल्या होत्या आणि केवळाबाई घामाघूम होऊन एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात पळी घेऊन वाकून वाढत होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "तो कागद... मला कळत नाही, मी कसं..."

"मागं सर, पोरांच्या अंगावर सांडंल."

"नाही, पण तुम्ही काल अख्खा दिवस..."

"तिकडं भाताचं घमेलं हाय," त्या न बघताच म्हणाल्या. "तिसरीची पोरं राहिलीत. हात धू अन् लाग."

मी हात धुतले. साबणाचा फेस निघता निघेना. घमेलं उचललं आणि पंगतीत शिरले. मी पुढं भात वाढत होते आणि माझ्या मागोमाग त्या वरण. तिसऱ्या पोरानं भात कालवला, एक घास खाल्ला आणि ताट पुन्हा वर धरलं.

"मावशी, अजून वरण."

केवळाबाईंनी त्याला वाढलं. मग माझ्याकडं न बघता, पुढच्या पोराकडं सरकत म्हणाल्या, "भात जरा कमी कमी घाल, माय. आज वरण लागणार हाय."